बोटाच्या हाडाचा जोड : किती मजबूत असावा?



जमाखर्चाची पत्रके व विभागवार कार्याचा आढावा यांच्या जोडीने आपल्या वार्षिक अहवालात एक अभ्यासलेख देण्याची प्रथा आहे. रुग्णालयात जे उपचार होतात त्यांमागील विचार सर्वांना कळावा, आणि आपण दिलेला पैसा कोणत्या कारणाने कोठे खर्च होतो हे उमजावे, असा या लेखाचा हेतू असतो. या वर्षी आम्ही विषय घेतला आहे बोटांच्या अस्थिभंगाचा. मोडलेले हाड जोडण्याच्या ज्या निरनिराळ्या पद्धती आहेत, त्यांच्या यांत्रिक ताकदीची तुलना येथे केली आहे. विषय लहान भासेल. परंतु ज्याचे पोट हातावर आहे त्याच्यासाठी तो मुळीच लहान नाही.

प्रश्नाचा उगम

मागील अहवाल वाचून एका ज्येष्ठ देणगीदारांनी आम्हांस पत्र लिहिले. त्यांच्या पुतण्याचे बोट मोडले असता शहरातील एका रुग्णालयात प्लेट व स्क्रू बसविण्यात आले होते. आपल्या रुग्णालयात मात्र बोटाच्या भंगास बहुधा तारा घालतात, असे त्यांच्या ऐकण्यात आले. त्यांनी सरळ विचारले, "गरिबाच्या बोटाला कमी ताकदीचा जोड पुरतो, असे आपण ठरविले आहे काय?"

प्रश्न बोचरा होता, पण रास्त होता. आम्ही वैद्यकशास्त्राचे पदवीधर नव्हे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. खरेदीची बिले आमच्या टेबलावरून जातात, म्हणून एवढे नक्की माहीत होते की के-वायर शंभर-दोनशे रुपयांच्या आतबाहेर मिळते आणि लहान प्लेट-स्क्रूंचा खर्च हजारांत जातो. तेव्हा उपचाराची निवड वैद्यकीय कारणाने होते की किमतीने, ही शंका आमच्याही मनात आली. आपल्या अस्थिरोग विभागातील डॉक्टरांनी आम्हांस या विषयावरील काही शोधनिबंध दिले आणि त्यांतील न कळलेला भाग चार-पाच संध्याकाळी बसून समजावून सांगितला. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

लहान हाडाची मोठी जबाबदारी

मनुष्याच्या एका हातात २७ हाडे असतात. त्यांपैकी मनगटात ८, तळहातात ५ आणि बोटांत १४. अंगठ्याला दोन पेरे आणि उरलेल्या चार बोटांना प्रत्येकी तीन. बोटाला स्वतःचे स्नायू जवळजवळ नाहीतच. ते हलविणारे स्नायू तळहातात आणि कोपराखालच्या भागात असतात, आणि त्यांची ओढ कंडरांमार्फत, म्हणजे दोरीसारख्या बळकट पट्ट्यांमार्फत, बोटापर्यंत पोहोचते. बोट मिटविणाऱ्या कंडरा हाडाच्या तळहाताकडील बाजूने जातात; बोट सरळ करणारी कंडरा पाठीकडून जाते आणि तळाच्या पेराला वरून व दोन्ही कडांनी झाकणाऱ्या पातळ आवरणाशी एकरूप झालेली असते. मांडीच्या हाडाभोवती मांसाची जाड गादी आहे; बोटाच्या हाडाभोवती तशी काहीही नाही. हाडाला लागूनच कंडरा सरकत असते. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

हाड मोडले की या कंडरांची व स्नायूंची ओढ थांबत नाही. तळाचे पेर मधोमध मोडले तर एका तुकड्याला एक स्नायू खाली वाकवितो आणि दुसऱ्याला दुसरी कंडरा वर उचलते. त्यामुळे मोडलेल्या जागी हाड तळहाताकडे कोन करून बसते. तुकडा स्वतःभोवती फिरला तर अधिक अनर्थ होतो. तळहातातील हाडात केवळ ५ अंशांचा पीळ राहिला, तरी मूठ मिटताना बोटाचे टोक शेजारच्या बोटावर सुमारे दीड सेंटिमीटर चढू शकते. अशा हाताने दोरा ओवणे, नोटा मोजणे, विळा धरणे ही कामे कठीण होतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. बोटाचे पुष्कळसे साधे भंग, ज्यांत तुकडे जागचे हललेले नाहीत, शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. मोडलेले बोट शेजारच्या बोटाला पट्टीने बांधणे किंवा काही दिवस स्प्लिंट लावणे पुरते. पुढील विवेचन आहे ते तुकडे सरकलेल्या, पिळलेल्या किंवा जागेवर न टिकणाऱ्या भंगांविषयी.

जोडण्याच्या पद्धती

पहिली पद्धत के-वायरची. मार्टिन किर्शनर या जर्मन शल्यविशारदाने १९०९ साली अशा तारेचा वापर सुरू केला. त्याच्या नावाचे आद्याक्षर तारेला चिकटले ते आजतागायत. ही टोकदार, ताठ, स्टेनलेस स्टीलची सळई असते. बोटासाठी साधारणपणे ०.९ ते १.२ मिलिमीटर जाडीची वापरतात. सी-आर्म यंत्राच्या पडद्यावर हाड पाहत, कातडी न उघडता, ती बाहेरून हाडात घालता येते. एकच तार घातली तर तुकडे तिच्याभोवती फिरू शकतात, म्हणून बहुधा दोन घालतात, समांतर किंवा एकमेकींना छेद देणाऱ्या.

दुसरी पद्धत हाडाला भोके पाडून त्यांतून लवचिक तार ओवून पिळण्याची. तिला के-वायरची जोड दिली की तुकडे एकमेकांवर दाबलेही जातात आणि फिरतही नाहीत.

तिसरी पद्धत केवळ स्क्रूंची. हाड तिरपे किंवा नागमोडी मोडले असेल आणि भंगाची लांबी हाडाच्या जाडीच्या निदान दुप्पट असेल, तर दोन-तीन बारीक स्क्रूंनी तुकडे एकमेकांवर घट्ट आवळता येतात. आडव्या भंगात मात्र स्क्रूला पकडायला दोन्हीकडे हाडच मिळत नाही.

चौथी पद्धत प्लेट व स्क्रू यांची. स्वित्झर्लंडमध्ये १९५८ साली स्थापन झालेल्या 'एओ' या शल्यविशारदांच्या गटाने भंगाच्या घट्ट जोडणीचे शास्त्र उभे केले. पुढे हातासाठी १.५ व २ मिलिमीटर जाडीच्या स्क्रूंचे लहान संच आले. प्लेट बसवायची तर कातडी उघडून, कंडरा बाजूस सारून हाडापर्यंत जावे लागते.

अलीकडच्या काळात, विशेषतः २०१० नंतर, बिनडोक्याचा स्क्रू हाडाच्या पोकळीतून लांबीच्या दिशेने घालण्याची पाचवी पद्धतही रूढ होत आहे. तिच्यात छेद लहान असतो, म्हणून शल्यविशारदांना तिच्याविषयी आस्था आहे.

ताकद मोजतात कशी?

आम्हांस वाटले होते, हाड जोडायचे आणि मोडेपर्यंत दाबायचे, झाले! प्रत्यक्षात ही परीक्षा बरीच शिस्तीची असते. मृत्यूनंतर शरीरदान केलेल्या व्यक्तींची हाडे, डुकरासारख्या प्राण्यांची हाडे किंवा हाडासारख्या गुणधर्मांचे कृत्रिम नमुने घेतात. सर्व नमुन्यांवर करवतीने एकसारखा भंग करतात, त्यांचे गट पाडतात आणि प्रत्येक गट वेगळ्या पद्धतीने जोडतात. मग नमुना यंत्रात बसवून त्यावर हळूहळू भार वाढवतात.

तीन गोष्टी निरनिराळ्या मोजतात आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. एक, ताठपणा, म्हणजे ठराविक भाराखाली जोड किती वाकतो. दोन, अंतिम ताकद, म्हणजे किती भाराला जोड निकामी होतो. तीन, थकवा, म्हणजे हलका भार शेकडो-हजारो वेळा दिल्यावर जोड टिकतो की नाही. पातळ पत्रा हाताने एकदा वाकविल्याने तुटत नाही. पुन्हापुन्हा वाकविला की तुटतो. बोट दिवसभरात असंख्य वेळा वाकते, म्हणून तिसरी परीक्षाही पहिल्या दोहोंइतकीच मोलाची. शिवाय भार कोणत्या दिशेने दिला, वाकविले की पिळले, यावरही निकाल बदलतो.

प्रयोगांचा कौल

बोटांच्या व तळहातांच्या हाडांवर असे तुलनात्मक प्रयोग १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रसिद्ध होत आले आहेत. १९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानवी तळहातातील हाडांवर पाच पद्धती पारखल्या गेल्या. पाठीकडून बसविलेली प्लेट, जोडीला स्क्रू असो वा नसो, तारांच्या सर्व पद्धतींहून स्पष्टपणे अधिक स्थिर ठरली. पुढील अनेक प्रयोगांचा सूरही स्थूलमानाने हाच आहे. आडव्या भंगात प्लेट पहिली. के-वायर आणि ओवलेली तार यांचा मिलाफ त्यानंतर. नुसत्या के-वायर शेवटी.

तारांतही भेद आहेत. छेद देणाऱ्या दोन तारा नेमक्या भंगाच्या रेषेवर एकमेकींना ओलांडत असतील तर पिळाविरुद्ध त्यांचा आधार कमी पडतो. ओलांडण्याची जागा भंगापासून दूर असेल तर जोड बळकट होतो. म्हणजे तीच तार, तीच किंमत, पण घालणाऱ्याच्या कौशल्याने ताकद बदलते.

तारेच्या जाडीचा हिशेब तर आमच्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसाला चक्रवाढ व्याजाची आठवण करून देणारा आहे. गोल तारेचा वाकण्यास होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा सोळापट होतो. १ मिलिमीटरऐवजी १.२ मिलिमीटरची तार घेतली, म्हणजे जाडी केवळ एक पंचमांशाने वाढविली, तरी ताठपणा दुपटीहून किंचित अधिक होतो. प्लेटच्या बाबतीत हा विरोध जाडीच्या तिसऱ्या घाताने वाढतो. पण बोटाचे हाडच लहान. जाड तारेने पाडलेले भोक हाडाला दुबळे करते, आणि जाड प्लेट कंडरेखाली खुपते. म्हणून डॉक्टरांना दोन्ही बाजूंनी मर्यादा सांभाळावी लागते.

इथवर वाचून देणगीदार महोदयांचा आक्षेप खरा ठरतो असे वाटेल. प्लेट अधिक ताकदवान, हे निःसंशय. मग तारा कशासाठी?

पुरेशी ताकद म्हणजे किती?

जोडाला किती भार पेलायचा आहे, हे जाणल्यावाचून ताकदीच्या आकड्याला अर्थ नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मनगटातील दबलेली नस मोकळी करण्याची शस्त्रक्रिया चालू असताना, रुग्णांच्या बोट मिटविणाऱ्या कंडरांवर मापक बसवून प्रत्यक्ष ताण मोजण्यात आला. दुसऱ्याने बोट हलविले तेव्हा ताण सुमारे ०.९ किलोग्रॅमपर्यंत गेला. रुग्णाने स्वतः, कशालाही न धरता, बोट मिटले तेव्हा तो ३.५ किलोग्रॅमपर्यंत पोहोचला. चिमटीत जोराने धरताना मात्र तो १२ किलोग्रॅमपर्यंत चढला. कंडरेवरचा ताण म्हणजे भंगावरचा भार नव्हे, परंतु प्रमाण समजण्यास हे आकडे पुरेसे आहेत. हलका व्यायाम आणि जोराची चिमट यांत तिपटीहून अधिक अंतर आहे.

दुसरी गोष्ट मुदतीची. बोटाचे हाड बहुधा तीन ते चार आठवड्यांत इतके चिकटते की हलका व्यायाम ते स्वतःच पेलू लागते, आणि त्या सुमारास के-वायर काढून टाकतात. एक्स-रेवर भंगाची रेषा पुढे कित्येक आठवडे दिसत राहते. तिने घाबरून जाऊ नये. आमच्या भाषेत सांगायचे तर तार किंवा प्लेट हा जामीनदार आहे. मूळ माणूस, म्हणजे हाड, आपल्या पायावर उभा राहीपर्यंतच त्याची जबाबदारी. तीन-चार आठवड्यांच्या मुदतीला, हलक्या व्यायामाच्या रकमेला जो जामीन पुरतो, तो पुरेसा. त्याहून मोठा जामीनदार आणण्यात दोष नाही. मात्र तो येताना स्वतःचा खर्च घेऊन येतो.

मजबुतीची किंमत

हा खर्च केवळ रुपयांचा नाही. प्लेट बसविण्यासाठी कंडरा बाजूस सारावी लागते, हाडावरचे आवरण सोडवावे लागते. जखम भरताना जे नवे ऊतक तयार होते ते हाड, प्लेट आणि कंडरा यांना एकमेकांस चिकटवू शकते. हाड उत्तम जुळते, पण कंडरा सरकत नाही आणि बोट ताठरते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात प्लेटने जोडलेल्या १०५ भंगांचा आढावा घेतला होता. त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक भंगांत ताठरपणा, हाड न जुळणे, जंतुसंसर्ग यांसारखी एखादी तरी मोठी गुंतागुंत आढळली. तळहातातील हाडांपेक्षा बोटांच्या पेरांत हा त्रास अधिक होता, कारण तेथे कंडरा हाडाला अधिक बिलगलेली आहे.

तारा निर्दोष आहेत असेही नाही. तार बाहेर राहते तेथे जंतुसंसर्ग होऊ शकतो, ती सैल होऊन सरकू शकते, आणि तिचे टोक कपड्यात अडकते. अनेक तुकडे झाले असतील, हाडाचा अंश गमावला असेल किंवा एकाच हातात तीन-चार हाडे मोडली असतील, तर तारांचा जोड अपुरा पडू शकतो. तेथे प्लेटच हवी.

२००३ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आमच्या मनातील शंका बरीचशी दूर केली. तळाच्या पेराचा तिरपा किंवा नागमोडी भंग झालेले ३२ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले गेले. एका गटाला बंद पद्धतीने के-वायर, दुसऱ्याला उघडून स्क्रू. बोटाची हालचाल आणि वेदना या दोन्ही बाबतींत दोन गटांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. रुग्णसंख्या लहान आहे, आणि एका प्रकारच्या भंगाचा निकाल सर्वांना लागू करता येत नाही. तथापि यंत्रात जो जोड वरचढ ठरतो तो माणसाच्या हातात वरचढ ठरेलच असे नाही, हे यावरून कळते. यंत्रातील हाड भरून येत नाही, त्याभोवती सरकणारी कंडरा नसते, आणि त्याला उद्या कामावरही जायचे नसते.

आमची एक चूक

हे सारे वाचत असता आम्हांस काही वर्षांपूर्वीचा एक तरुण आठवला. यंत्रमागावर काम करणारा. मधल्या बोटाचे तळाचे पेर अनेक ठिकाणी मोडलेले. डॉक्टरांनी प्लेट आवश्यक मानली आणि ती बसविली. एक्स-रे उत्तम आला. टाके काढल्यावर तो गावी गेला आणि थेट दोन महिन्यांनी परतला. हाड जुळले होते, पण बोट लाकडासारखे सरळ, मूठ मिटत नव्हती. त्याची आई म्हणाली, "साहेब, आत लोखंड बसवलंय म्हटल्यावर आम्ही हात अजिबात हलवू दिला नाही. ते निखळलं तर काय घ्या!"

त्या माउलीचा काहीही दोष नव्हता. प्लेट बसविण्याचा सारा उद्देश बोट लवकर हलविता यावे हा असतो, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. घरी जाताना दिलेल्या कागदावर गोळ्यांची नावे होती, व्यायामाचा शब्द नव्हता. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदाच येत, आणि त्या दिवशी येण्यासाठी त्याला एक खाडा व दोन वेळचे एसटी भाडे सोसावे लागले असते. सर्वांत ताकदवान जोड आम्ही बसविला आणि त्या ताकदीचा उपयोग होऊ दिला नाही. ही चूक आमची, म्हणजे व्यवस्थापनाची होती. पुढे कंडरा मोकळी करण्याची शस्त्रक्रिया झाली, व्यायाम झाले. मूठ बरीचशी मिटू लागली, पूर्ण नाही.

कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गमावल्यास ३० टक्के, संपूर्ण तर्जनी गमावल्यास १४ टक्के, मधले बोट गमावल्यास १२ टक्के असे कमाईच्या हानीचे आकडे ठरविले होते. जागेवर असूनही न वाकणाऱ्या बोटासाठी तेथे असा ठरलेला आकडा नव्हता. तो डॉक्टरांच्या अभिप्रायावर सोपविलेला होता. मागावर तुटलेला धागा पकडून गाठ मारणाऱ्याला ते बोट नसल्यासारखेच, किंबहुना मध्ये येणारे. आम्हांस हिशेब जमतो, पण हा आकडा आम्ही कोठे मांडावा हे आजही सुचत नाही.

या अभ्यासातून घेतलेले निर्णय

देणगीदार महोदयांच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे. आपल्याकडे तारांचा वापर अधिक होतो, आणि बहुतेक वेळा तो योग्य वैद्यकीय कारणाने होतो. परंतु 'बहुतेक वेळा' या शब्दांवर विश्वस्त मंडळाने समाधान मानले नाही. लहान स्क्रू-प्लेटचा संच रुग्णालयात नसल्याने पूर्वी काही रुग्णांना अन्यत्र पाठवावे लागले होते, हेही आम्ही मंडळापुढे ठेवले. त्यावर पुढील तीन गोष्टी ठरल्या.

पहिली, जोडणीची पद्धत कोणती आणि का, हे डॉक्टरांनी आधी केसपेपरवर लिहावे. रुग्णाच्या ऐपतीची चौकशी त्यानंतर व्हावी. धर्मादाय रुग्णालयांसाठी २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवाव्या लागतात, आणि बिलांच्या रकमेतील २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा होतात. या निधीवर ताण पडतो म्हणून कोणाच्या बोटाची पद्धत बदलू नये, यासाठी हा क्रम.

दुसरी, हातासाठीच्या लहान स्क्रू-प्लेटचा एक पूर्ण संच आणि निरनिराळ्या जाडीच्या के-वायर शस्त्रक्रियागृहात सदैव तयार असाव्यात. ज्याला प्लेट हवी त्याला तार मिळू नये, आणि ज्याला तार पुरते त्याच्या बोटाची चिरफाड होऊ नये.

तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, हाताच्या व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टची वेळ वाढवावी आणि गरजू रुग्णांना फेरतपासणीस येण्याचे एसटी भाडे द्यावे. संचाला देणगीदाराच्या नावाची पट्टी लावता येते. भाड्याच्या तिकिटाला लावता येत नाही. तरीही आम्ही नम्रपणे सुचवू इच्छितो की या कार्यासाठी देणगी देताना या तिसऱ्या बाबीचा प्रथम विचार व्हावा.

रुग्णांच्या आप्तांसाठी

बोटाला मार लागताच अंगठी काढावी. सूज चढल्यावर ती कापावी लागते. बोट ओढून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये आणि मालीश करून घेऊ नये. एक्स-रे काढावा, बोट हलते आहे म्हणजे हाड मोडलेले नाही, हा समज चुकीचा आहे.

शस्त्रक्रियेनंतर हात हृदयाच्या वर राहील असा ठेवावा, गळ्यातील झोळीत सतत लोंबकळत ठेवू नये. न बांधलेली बोटे, कोपर व खांदा पहिल्या दिवसापासून हलवावेत. तार बाहेर असेल तर ती जागा कोरडी ठेवावी. लाली, पू, वाढती वेदना किंवा ताप आल्यास ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता यावे.

जोडलेले बोट केव्हा व किती हलवायचे हे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांना स्पष्ट विचारावे आणि कागदावर लिहून घ्यावे. हलविण्याची परवानगी मिळाल्यावर भीतीने बोट जपून ठेवू नये. मात्र बादली उचलणे, पान्हा फिरविणे, कपडे पिळणे ही जोराची कामे सांगितल्यावाचून करू नयेत. ०.९, ३.५ आणि १२ किलोग्रॅम हे आकडे येथे आठवावेत. मूठ मिटताना एखादे बोट शेजारच्यावर चढत असेल तर ते लगेच दाखवावे. हाड पक्के जुळण्यापूर्वी ते दुरुस्त करणे सोपे असते.

समारोप

ताळेबंदात मालमत्तेची बाजू मोठी दिसली की संस्था सुदृढ आहे असे आपण मानतो. पण रोजचे व्यवहार चालण्यास हाताशी खेळता पैसा लागतो. बोटाचेही तसेच आहे. जोडाची ताकद हवीच, परंतु ती हालचालीसाठी. सर्वांत मजबूत जोड कोणता, या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेने फार पूर्वी दिले. या रुग्णाला, या भंगाला, पुढील चार आठवड्यांना पुरेसा आणि कंडरेला कमीत कमी दुखविणारा जोड कोणता, हे उत्तर मात्र प्रत्येक वेळी नव्याने शोधावे लागते. ते शोधताना रुग्णाचा खिसा आड येऊ नये, एवढी काळजी घेणे हे आपणा सर्वांचे काम.

ज्यांच्या पत्रामुळे हा अभ्यास झाला त्या देणगीदार महोदयांचे, समजावून सांगणाऱ्या डॉक्टरांचे आणि आपल्या मुलाची हकीकत येथे नाव न घालता मांडण्यास संमती देणाऱ्या त्या माउलीचे आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. 

आपला नम्र,
प्रशासकीय अधिकारी